निळं अंडं कुणाचं?

(गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल दिवसभर आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव, रोजगार हमीची मजुरी, घरातली मारहाण अशा विषयांवर बोललो. आणि आज सकाळी सकाळी मी उभी राहिले आहे कोंबडीबद्दल बोलायला. मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलंच, "काय गं, रस्सा कसा करायचा ते सांगणार का?" रस्सा सगळ्यांना येतो. मला बोलायचं आहे ते कोंबडी वाढवणाऱ्या बाईच्या डोक्याबद्दल. तिच्या हातांबद्दल, कष्टांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. डोक्याबद्दल कमी बोलतो.

मागच्या पावसाळ्यात एका बचत गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एका सुनेनं मोबाईल पुढे केला. चित्रात टोपलीभर अंडी. पण निळी! फिक्या आकाशाच्या रंगाची. ती म्हणाली, "ताई, एक माणूस आला होता. म्हणतो, ह्या कोंबड्या घ्या, एकेक अंडं पन्नास रुपयाला जाईल. साखरेला, बीपीला औषध आहे म्हणतो. गटानं कर्ज काढलं तर पिल्लं घरपोच देतो आणि अंडी आम्हीच विकत घेतो."

बायांमध्ये लगेच दोन तट पडले. तरुण सुनांचे डोळे चमकले होते. थोरल्या बायका गप्प होत्या. त्यांच्यातल्या एका आजीनं मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाली, "रंग लावला आसंल. आन् खरी आसली तर मला एवढं सांगा, कोंबडा कसा वळखायचा? कोंबडा काय अंडं घालतोय व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तिनं विनोद केला नव्हता. पैदाशीतला सगळ्यात अवघड प्रश्न तिनं विचारला होता. अंड्याचा रंग दिसतो कोंबडीत. पण पिल्लांना निम्मा वारसा येतो कोंबड्याकडून. आणि त्याच्या अंगावर तर रंगाची काही खूण नाही. मग निळ्या अंड्याची जात टिकवायची कशी? मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. प्रकल्प अहवाल लिहायला शिकले, गटबांधणी शिकले. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. म्हणून वाचायला बसले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, निळी अंडी खरी असतात. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा लांबट, चिंचोळा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात आणि डोंगरापलीकडे अर्जेंटिनात मापुचे नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या भाषेत मापु म्हणजे भूमी आणि चे म्हणजे माणसं. भूमीची माणसं. या लोकांच्या अंगणातल्या कोंबड्या निळी अंडी देतात. त्यांच्या भाषेत अंड्याला कुरम म्हणतात आणि निळ्याला काल्फू. निळा हा त्यांचा पवित्र रंग, आभाळाचा. जगात इतरत्र त्या कोंबड्यांना अरौकाना म्हणतात. हे नाव मापुचेंचं नाही. स्पॅनिश लोकांनी त्यांना अरौकानो म्हटलं, त्यावरून ते आलं. म्हणजे माणसांचंही नाव दुसऱ्यांनी ठेवलं आणि त्यांच्या कोंबड्यांचंही.

आता रंगाचं. आजीची पहिली शंका होती की रंग लावला असेल. ते ओळखायला सोपं आहे. तपकिरी अंडं फोडा, आतला पापुद्रा काढा, टरफल आतून पांढरट दिसेल. कारण तपकिरी रंग अंडं तयार होताना शेवटी शेवटी वरून चढतो, लिंपल्यासारखा. निळ्या अंड्याचं टरफल मात्र आरपार निळं असतं, आतूनही. हा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा. आपल्याही शरीरात ते तयार होतं. मार लागून काळंनिळं झालेलं अंग काही दिवसांनी हिरवट दिसायला लागतं, ते त्याच्यामुळेच. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांच्या अंगावर आपण ते पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

त्या माणसानं औषध म्हणून सांगितलं, ते मात्र खोटं. निळ्या अंड्यात आत जे पिवळं-पांढरं असतं ते दुसऱ्या अंड्यासारखंच. 1970 च्या दशकात अमेरिकेत अशी जाहिरात झाली होती की या अंड्यांत कोलेस्टेरॉल कमी असतं. तपासणीत ते टिकलं नाही. अंडं पौष्टिक असतं ते कोंबडीच्या खाण्यामुळे, टरफलाच्या रंगामुळे नाही.

आता कोंबड्याचा प्रश्न. इथे जरा लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा, प्रत्येक कोंबडीच्या आणि कोंबड्याच्या आत रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पिल्लू होताना आई आपल्या दोनांतली एक देते, बाप आपल्या दोनांतली एक. निळ्या रंगाची चिठ्ठी जोरकस आहे. दोनांतली एक जरी निळी असली तरी ती कोंबडी निळं अंडं देते. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी 1933 साली हे प्रयोगानं मांडलं. म्हणूनच निळ्या वाणाचा कोंबडा पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत सोडला तर लेकी निळी अंडी देतात आणि तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत सोडला तर हिरवट, ऑलिव्हच्या रंगाची. निळ्या टरफलावर तपकिरी लेप चढतो, म्हणून हिरवं.

पण यात एक फसगत आहे. दोन्ही चिठ्ठ्या निळ्या असलेली कोंबडी आणि एकच निळी असलेली कोंबडी, दोघींची अंडी दिसायला सारखीच निळी. एकेरी कोंबडी आणि एकेरी कोंबडा एकत्र आले तर सरासरी चार लेकींत तिघी निळी अंडी देतात आणि चौथी नाही. आणि पिल्लू निळ्या अंड्यातून निघालं म्हणजे त्याच्यात निळी चिठ्ठी आहेच, असंही नाही. अंड्याचा रंग पिल्लाचा नसतो, त्याच्या आईचा असतो. एकेरी आईनं नेमकी दुसरी चिठ्ठी दिली असेल आणि बापाकडेही निळी नसेल, तर निळ्या अंड्यातून निघालेला कोंबडा कोराच निघायचा. बाहेरून दिसायला रुबाबदार, आत काही नाही. (हशा) मी कोंबड्यांबद्दलच बोलते आहे.

मग ओळखायचा कसा? एक वाट अशी, की त्याला पांढरी किंवा तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांबरोबर ठेवायचं, आठ-दहा तलंगा वाढवायच्या, त्या अंड्यावर येईपर्यंत पाच-सहा महिने थांबायचं. सगळ्यांची अंडी निळी-हिरवी आली तर बाप दुहेरी असल्याची जवळजवळ खात्री. एकीचंही अंडं साधं आलं तर बाप एकेरी. दुसरी वाट तुऱ्याची. या कोंबड्यांमध्ये बऱ्याच वेळा तुरा उभ्या करवतीसारखा नसतो, बुटका, तीन ओळींचा असतो. त्या तुऱ्याची चिठ्ठी आणि निळ्या रंगाची चिठ्ठी एकमेकींना चिकटून असतात, हे शास्त्रज्ञांनी 1939 साली दाखवलं. त्यामुळे ज्या कळपात ही जोडी टिकून आहे तिथे बुटक्या तुऱ्याचा कोंबडा ठेवला तर बहुधा चूक होत नाही. बहुधाच, कारण कधीमधी ही जोडी तुटते.

तिसरी वाट सगळ्यात जुनी. दर खेपेला खुडूक कोंबडीखाली फक्त निळीच अंडी ठेवायची. बाकीची खायची, विकायची. जी कोंबडी चांगल्या निळ्या रंगाची अंडी देते, खुडूक बसते, पिल्लं सांभाळते, तिचीच अंडी राखायची. तिच्याच पोटचा कोंबडा ठेवायचा, बाकीचे कापायचे. एका खेपेत फरक पडत नाही. वीस-तीस पिढ्या हेच केलं की कळपात निळं पक्कं होतं.

आता मला सांगा, खुडूक कोंबडीखाली कोणती अंडी ठेवायची, हे घरात कोण ठरवतं? कोणती कोंबडी कुठल्या वळचणीला अंडं घालते, कुणाचं टरफल पातळ आहे, कुणाची पिल्लं घारीनं उचलली, हे कोणाला माहीत असतं? संध्याकाळी डालग्याखाली किती आल्या हे कोण मोजतं? आपल्याकडे बाई. मापुचेंमध्येही बाई. तिथेही कोंबड्या हे बाईचं काम आणि बाईचा पैसा. म्हणजे शास्त्रज्ञांनी 1933 साली कागदावर जे मांडलं, ते कागदाशिवाय ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हातानं करून दाखवलं, त्या या बाया होत्या. निवड करणं, जोडी ठरवणं, वारसा टिकवणं, यालाच पुस्तकात पैदास म्हणतात. बाईनं केलं की त्यालाच म्हणतात, कोंबड्यांना दाणे टाकणं.

हे काम तिनं कोणत्या परिस्थितीत केलं तेही बघा. मापुचेंनी स्पॅनिश सत्तेला जवळजवळ तीनशे वर्षं दाद दिली नाही. पण 1861 ते 1883 या काळात चिलीच्या सैन्यानं त्यांचा मुलूख घेतला. त्या मोहिमेला सरकारनं नाव दिलं 'शांतता प्रस्थापना'. पुढे 1884 पासून 1929 पर्यंत सुमारे तीन हजार पट्टे करून त्यांना मिळून पाच लाख हेक्टरच्या आसपास जमीन दिली. पूर्वीच्या मुलखाचा तो एक लहानसा तुकडा. बाकी जमीन वसाहतवाल्यांकडे गेली. मोठाले गुरांचे कळप असलेले हे लोक एकाएकी अल्पभूधारक झाले. पट्टा निघाला तो टोळीच्या प्रमुखाच्या नावानं. अशा वेळी घराभोवतीचा जो तुकडा उरला, तिथला भाजीचा वाफा, औषधी झाडं, माग आणि कोंबड्या, तो बाईच्या ताब्यात राहिला. गुरं गेली, कोंबडी राहिली. ती कणीकोंड्यावर, किड्यामुंग्यांवर जगते. तिला पट्टा लागत नाही.

आणि आता पुस्तकात ही गोष्ट कशी सांगतात ते ऐका.

पुस्तकात गोष्ट सुरू होते चिलीतले कोंबडीपालक डॉ. रुबेन बुस्तोस यांच्यापासून. मापुचेंकडे दोन प्रकारच्या कोंबड्या होत्या. एक बिनशेपटीची, निळी अंडी देणारी. दुसरी, कानाजवळ पिसांचे झुबके असलेली. बुस्तोसांनी दोन्ही आणून त्यांचा संकर केला. 1914 साली साल्व्हादोर कास्तेयो नावाचे स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञ चिलीत गेले आणि त्यांनी या कोंबड्या पाहिल्या. 1921 साली नेदरलँड्समध्ये हेगला पहिली जागतिक कुक्कुट परिषद भरली. तिथे त्यांनी जगाला सांगितलं की ही एक नवीच जात आहे आणि तिला लॅटिन नाव दिलं, गॅलस इनॉरिस. पुढे 1924 साली त्यांना स्वतःलाच दुरुस्ती करावी लागली, की शेपूट नसणं, कानाचे झुबके आणि निळं अंडं हे सगळं मापुचेंच्या एकाच जातीत नव्हतं, ते संकरातून एकत्र आलं होतं. मग युरोपात प्रयोग झाले, अमेरिकेत मंडळं निघाली. 1976 साली अमेरिकेच्या कुक्कुट संघटनेनं अरौकानाचं प्रमाण ठरवलं. 1984 साली तिच्या शेपटीवाल्या बहिणीला, अमेरौकानाला, वेगळी जात म्हणून मान्यता दिली.

या सगळ्या गोष्टीत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, परिषदा आहेत. एकाही बाईचं नाव नाही. बुस्तोसांनी कष्ट केले, कास्तेयोंनी जगाचं लक्ष वेधलं. त्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण त्यांनी ज्या कोंबड्या उचलल्या, त्या कुणाच्या तरी डालग्याखालच्या होत्या. ज्या दिवशी निळी अंडी देणारी कोंबडी त्या दारातून बाहेर गेली, त्या दिवशी तिच्याबरोबर कुणाचं तरी शहाणपण गेलं. त्याची नोंद कुठल्या वहीत झाली?

प्रमाण ठरवलं म्हणजे काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या प्रमाणात अरौकाना बिनशेपटीची आणि कानाला झुबके असलेलीच हवी. दिसायला देखणी. पण त्या झुबक्याच्या चिठ्ठीत एक दोष आहे. आई आणि बाप दोघांनाही झुबके असतील तर सरासरी चारांतलं एक पिल्लू अंड्यातच मरतं, बहुधा बाहेर यायच्या ऐन शेवटच्या दिवसांत. शिवाय शेपूट नसलेल्या कोंबड्यांची अंडीही कमी फळतात. प्रदर्शनातल्या बक्षिसासाठी ही किंमत मोजतात. ज्या बाईला एकवीस दिवस थांबून दहा अंड्यांतून नऊ पिल्लं हवी असतात, तिला हे परवडणारं नाही. मापुचे अंगणांत आजही झुबक्याच्या, बिनझुबक्याच्या, शेपटीच्या, बिनशेपटीच्या कोंबड्या एकत्र चरताना दिसतात. कुणी म्हणेल, जात शुद्ध ठेवली नाही. मी म्हणेन, जगण्याला उपयोगी ते ठेवलं. 'शुद्ध जात' आणि 'देखणं रूप' या दोन शब्दांनी आपल्याकडेही मादीच्याच जिवावर किती बेतलं आहे, ते या शिबिरात मी वेगळं सांगायला नको.

शास्त्र पुढेही गेलं. 2013 साली हे उलगडलं की फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या वारशात जाऊन बसला आणि त्यामुळे टरफल निळं झालं. गंमत अशी की चीनमधल्या काही गावठी कोंबड्याही निळी अंडी देतात आणि त्यांच्यात हाच प्रकार स्वतंत्रपणे, वेगळ्या वेळी घडला आहे. म्हणजे निसर्गात अपघात दोनदा घडला. पण एखाद्या कोंबडीनं अचानक निळं अंडं दिलं, तेव्हा ते 'अशुभ' म्हणून उकिरड्यावर टाकायचं की खुडूक कोंबडीखाली ठेवायचं, हे माणसानं ठरवलं. दोन्हीकडे कुणीतरी ते ठेवलं. म्हणून आज ते आहे.

आजची परिस्थिती काय? चिलीत 1992 पासून ग्रामीण बायकांसाठी सरकारी शेती खातं आणि स्त्रियांच्या विकासाची एक संस्था मिळून प्रशिक्षणाची योजना चालवतात. भाजीपाला, कोंबड्या, विणकाम असे गट त्यात असतात. स्लो फूड या आंतरराष्ट्रीय चळवळीनं निळ्या अंड्याच्या कोंबडीसाठी तिथे संरक्षणाचा उपक्रम घेतला. मापुचे बायका 'त्राफकिंतु' नावाचे मेळे भरवतात. तिथे बी-बियाणं, रोपं विकायची नाहीत, अदलाबदल करायची. बियाण्याबरोबर ते कसं लावायचं हेही सांगायचं. आपल्या आज्या उबवणीसाठी शेजारणीकडून अंडी बदलून आणायच्या, तोच विचार. रक्त एकाच घरात फिरत राहत नाही आणि कुणा एकीकडे रोग आला तरी जात बुडत नाही.

पण सगळं गोड नाही. तेमुको हे त्या भागातलं मोठं शहर. आसपासच्या गावांतून मापुचे बायका भाजी, कोथिंबीर, अंडी घेऊन तिथे रस्त्याकडेला बसतात. 2018-19 च्या सुमाराला नगरपालिकेनं शहराच्या मध्यभागी असं बसायला बंदी केली. पोलीस आले, टोपल्या उधळल्या, बायकांना फरफटत नेलं. बायकांनी मोर्चे काढले. तुमच्या तालुक्याच्या बाजारात अतिक्रमणाची गाडी येते तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. एकीकडे 'आपला वारसा' म्हणून निळ्या अंड्याचा फोटो पर्यटनाच्या पत्रकावर. दुसरीकडे ते अंडं विकणारी बाई फूटपाथवर बसली तर गुन्हेगार. वारसा हवा, बाई नको.

आता आपल्याकडे येऊ. 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली. त्यांतली 31 कोटी 70 लाख परसातली. आधीच्या गणनेपेक्षा परसातली संख्या 45 टक्क्यांहून जास्त वाढली. म्हणजे हे संपत चाललेलं काम नाही, वाढणारं आहे. ते बहुतेक बायाच करतात. पण गणना करणारा दारात येतो तेव्हा नाव लिहितो कुटुंबप्रमुखाचं. एका गावात पाहणी करताना मीही तेच करत होते. मालक अमुक, व्यवसाय शेती. पत्नी, व्यवसाय घरकाम. आणि ती बाई माझ्यापुढे उभी राहून चौदा कोंबड्यांची वंशावळ तोंडपाठ सांगत होती. कुठली कुणाची लेक, कुणाला मानमोडीत जीव गेला, कुठली लंगडी तरी वर्षाला चार वेळा पिल्लं काढते. मी ऐकलं आणि लिहिलं 'घरकाम'. फॉर्म मी तयार केला नव्हता, हे खरं. पण पेन माझ्या हातात होतं.

कडकनाथचं उदाहरण तर जवळचं आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातल्या भिल्ल-भिलाला आदिवासींनी सांभाळलेली ही काळी कोंबडी. 2018 साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, मागणी वाढली आणि त्या नावावर धंदे उभे राहिले. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडे काय झालं ते तुमच्यापैकी काहींनी जवळून पाहिलं आहे. पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ, अशी योजना आली. हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. काही घरांत त्यासाठी बाईचे दागिने गहाण पडले असतील. हे लक्षात ठेवा आणि आमच्या गटात आलेल्या माणसाचं बोलणं आठवा. 'अंडी आम्हीच विकत घेतो.' तेच वाक्य.

म्हणून मी त्या गटाला चार प्रश्न लिहून दिले. कोणत्याही कोंबडीच्या योजनेला ते विचारता येतील. एक, ही पिल्लं पहिल्या संकराची आहेत की पक्क्या वाणाची? म्हणजे यांच्याच अंड्यांतून पुढची पिढी मला घरी काढता येईल, की दर वेळी तुमच्याकडूनच पिल्लं घ्यावी लागतील? दोन, ही कोंबडी खुडूक बसते का, आणि परसात किड्यामुंग्यांवर जगते का, की पोत्यानं खाद्य लागतं? तीन, अंडी विकत घेण्याचा करार कागदावर, भावासकट आणि मुदतीसकट देणार का? आणि चार, सही कुणाची, पैसे कुणाच्या खात्यावर?

यांतला पहिला प्रश्न आजीचाच आहे, फक्त शहरी भाषेत. तो माणूस पुन्हा आला नाही. गटानं कर्ज घेतलं नाही. पण हा विजय म्हणून मी सांगत नाही. त्यांतली एक सून अजून माझ्यावर रागावलेली आहे. मला म्हणाली, "ताई, तुमचं बरं आहे, महिन्याचा पगार आहे. माझ्या घरी आज पन्नास कोंबड्या असत्या. बुडाल्या असत्या तर बुडाल्या असत्या, पण माझ्या असत्या." तिचा राग मला खोटा वाटत नाही. बाईला धोका पत्करायचाही हक्क आहे. आपलं काम तिला अडवण्याचं नाही. ती जे ठरवेल ते माहितीनिशी ठरवेल आणि नफा-तोटा दोन्ही तिच्या हातात राहील, एवढं बघणं हे आपलं काम. आणि आपण 'नको' म्हटलं तर त्याच्या जागी काय, हेही सांगता आलं पाहिजे. त्या दिवशी मला ते सांगता आलं नाही.

आता सांगता येतं. त्या गटातल्या थोरल्या बायांकडे गावरान कोंबड्यांचं जे ज्ञान आहे, तिथून आम्ही सुरुवात केली. मानमोडीची लस वेळेवर टोचायची. प्रत्येकीनं आपली सगळ्यात चांगली कोंबडी निवडायची आणि तिचीच अंडी उबवायला ठेवायची. कोंबडे दोन वस्त्यांत बदलून घ्यायचे. एका वहीत आई-बाप, तारीख, किती अंडी ठेवली, किती पिल्लं निघाली एवढं लिहायचं. वही शाळेत जाणारी नात लिहिते, आजी सांगते. निळी अंडी नाहीत, पन्नास रुपये नाहीत. पण पिल्लं मरायचं प्रमाण कमी झालं आहे आणि आजीचं म्हणणं कागदावर आलं आहे.

जाता जाता कार्यकर्त्या म्हणून आपल्या सगळ्यांसाठी एक काम. पिकाचं वाण जपणाऱ्या शेतकऱ्यासाठी देशात 2001 चा कायदा आहे. त्यात वाण जपल्याची दखल घेतली जाते. जनावरांची, कोंबड्यांची जात जपणाऱ्यांसाठी तसा कायदा नाही. पण 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. 2004 च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात असं म्हटलं होतं. या नोंदवहीत पाळीव जनावरांची आणि ती जपणाऱ्या माहीतगारांचीही नोंद होते. परत गेलात की आपापल्या ग्रामपंचायतीत ती वही बघायला मागा. कोंबडीचं पान उघडा. माहीतगार म्हणून कुणाचं नाव लिहिलं आहे ते वाचा. बाईचं नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा, की या गावात खुडूक कोंबडीखाली अंडी कोण ठेवतं?

चिलीतल्या त्या पहिल्या बाईचं नाव आता कुणालाच कळणार नाही. आपल्या गावातल्या आजीचं नाव आपल्याला माहीत आहे. ते लिहायला हवं.

एवढंच बोलते आणि थांबते. प्रश्न विचारा, आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी माझ्या चुका दुरुस्त करा.